जित्या माणसाचा दगड

माझा धाकटा भाऊ वसंता याला कुणाचं तरी भलं केल्याशिवाय अन्न गोड लागत नाही, आणि ज्याचं भलं करायचं त्याला आधी विचारावं हे त्याला आजवर सुचलेलं नाही. लहानपणी शेजारच्या काकूंचं मांजर थंडीत कुडकुडतं म्हणून त्यानं ते आईच्या शालीत गुंडाळून वरून दोरा घातला होता. मांजर वाचलं, शाल गेली आणि काकू कितीतरी दिवस आमच्याशी बोलल्या नाहीत. हाच वसंता पुढे नागपूरला शिकायला गेला तो तिकडचाच झाला, आणि शेवटी चांदा जिल्ह्यातल्या जंगलात, आष्टीच्या पलीकडे लोहारटोला म्हणून गाव आहे तिथे हेडमास्तर होऊन बसला.

गेल्या उन्हाळ्यात त्याचं पत्र आलं. "आक्का, ज्या माणसानं हे गाव वसवलं त्याचा आम्ही गौरव करतो आहोत. बाजारचौकात त्याच्या नावाची शिळा उभी केली आहे. अनावरणाला तू आलीच पाहिजेस. आता तर चांदा आणि सातारा एकाच राज्यात आले."

राज्य एक झालं म्हणून गावं जवळ येत नाहीत, हे मला रेल्वेत बसल्यावर कळलं. पण निघाले खरी. शाळेच्या परीक्षा आटोपल्या होत्या. आळीतल्या बायकांनी वाघाची भीती घालून पाहिली. मी म्हटलं, बाई, मी चौथीचा वर्ग सांभाळते, वाघाचं काय घेऊन बसलात! कंदी पेढ्यांचा डबा बांधून घेतला आणि चांद्याची वाट धरली.

चांदा ते वैनगंगा

चांद्याला उतरले तेव्हा सकाळ असूनही फलाटावर तव्यावर पाय ठेवल्यासारखं वाटलं. वसंता न्यायला आला होता. काळवंडलेला, वाळलेला, पण डोळ्यांत तीच जुनी चमक. ती चमक दिसली की समजावं, कुणाचं तरी भलं चाललंय.

गोंड राजांचा कोट बाहेरूनच पाहिला. एवढी लांब, एवढी धडधाकट भिंत आमच्याकडे गडावर असते; इथे ती गावाभोवती आहे आणि लोक तिच्या दरवाजातून भाजी आणायला जातात याची मला मोठी मौज वाटली. मग बस. गोंडपिपरीला बस थांबली तेव्हा एका खानावळीत भात, लाखोरीची डाळ आणि आंबाडीची भाजी जेवलो. आंबट भाजी इतकी सुरेख असू शकते हे मला साताऱ्यात कुणी सांगितलं नव्हतं. भात मात्र इतका वाढला की मी हात आडवा धरला. वाढणारी बाई रागावलीच. "एवढूशानं का होते, बाई? पाखरू हाय का तुमी?"

बसमध्ये माझ्या शेजारी सिरोंच्याकडे लेकीला भेटायला निघालेली एक म्हातारी होती. मांडीवर टोपलीत कोंबडी. मागच्या बाईशी तेलुगूत बोलायची, माझ्याशी मराठीत, आणि कोंबडीशी दोन्हींत.

"मालक कुठी हायेत तुमचे?"

"नाहीत."

"वारले?"

"केलेच नाहीत."

तिनं माझ्याकडे नीट पाहिलं, कोंबडीकडे पाहिलं, आणि थोडा विचार करून म्हणाली, "बरं केलं. कटकट नाई." आमच्या आळीत हे वाक्य ऐकायला मी आजवर तरसले आहे.

वैनगंगा उन्हाळ्यात आटते. पात्रातल्या वाळूवर बांबूच्या तट्ट्या अंथरून त्यावरून बस नेतात आणि माणसं मागून चालत जातात. माझी एक चप्पल वाळूनं जी गिळली ती गिळलीच. वसंतानं भलं करायला म्हणून वाळू उकरली आणि दुसरी चप्पलही त्या खड्ड्यात घालवली. मी अनवाणी पलीकडे पोचले. वाळू अशी तापली होती की शेवटचा टप्पा मी पदर खोचून धावतच काढला, आणि कोंबडीवाली म्हातारी बसच्या दारातून मला शाबासकी देत होती.

लोहारटोला

लोहारटोला म्हणजे एक लांब रस्ता आणि त्याला चिकटलेलं गाव. जंगलखात्याचा नाका, सागाच्या लाकडांची रास, एका तेलुगू व्यापाऱ्याचं कापडाचं दुकान, तेलाचा घाणा, दोन चहावाले, मशीद, मारुती आणि वसंताची शाळा. जिथे तिथे अंगणात मोहाची फुलं वाळत टाकलेली. त्यांचा गोड, जड वास सगळ्या गावावर पसरलेला असतो. पहिल्या दिवशी माझं डोकं चढलं; तिसऱ्या दिवशी तो वास आला नाही तर चुकल्यासारखं वाटू लागलं.

वसंताला धीर कुठला! हातपाय धुवायच्या आत त्यानं मला चौकात नेलं. मोठ्या मोहाच्या झाडाखाली पुरुषभर उंचीची घडीव शिळा उभी होती, वरून पांढरं कापड बांधलेलं. त्यानं कापडाची कड उचलून दाखवली. अक्षरं सुरेख होती: 'या गावाचे संस्थापक श्री. इमामभाऊ लोहार यांच्या सन्मानार्थ.'

शिळेच्या पायाशी मूठभर तांदूळ सांडले होते, पानाचा एक द्रोण होता आणि दोन अंडी.

"बघ आक्का," वसंता हरखून म्हणाला, "अजून अनावरण नाही तोच लोक पूजा करू लागले. एवढी श्रद्धा!"

मला ती अंडी गौरवाची वाटेनात, पण का ते सांगता येईना. इतक्यात रस्त्यापलीकडच्या घराच्या दारातून एक बाई आमच्याकडे बघत असलेली दिसली. पांढरे केस, कमरेवर हात. तिनं वसंताकडे असं पाहिलं, की चौथीतली माझी सगळ्यात द्वाड मुलगीही जागेवर बसली असती.

"या इमामभाऊंच्या घरच्या," वसंता म्हणाला. "बानूबी. जरा कडक आहेत."

कडक नव्हे, ती बाई दुखावलेली होती. शिकवण्याच्या धंद्यात एवढं तरी कळतं.

धाव

दुसऱ्या दिवशी सकाळी मी एकटीच इमामभाऊंच्या भट्टीवर गेले. इमामभाऊ सत्तरीच्या पुढचे, उंच, हाताला जुने भाजल्याचे डाग. बैलगाडीला इकडे बंडी म्हणतात, आणि बंडीच्या चाकावर लोखंडी पट्टी असते ती धाव. उन्हाळ्यात लाकूड आक्रसतं आणि धाव सैल होते, म्हणून पावसाच्या आत सगळ्या बंड्या इथे येतात. चार कोसांवरून आलेले गाडीवान झाडाखाली तंबाखू मळत बसले होते.

लोखंडाचं कडं शेणीच्या जाळात लाल केलेलं होतं. बानूबी भाता ओढत होत्या. इमामभाऊंनी आणि दोघा गाडीवानांनी सांडशींनी कडं उचललं, चाकावर बसवलं, लाकडानं पेट घेतला, आणि तेवढ्यात घागरीतलं पाणी ओतलं. फस्सदिशी वाफ उठली, चाक करकरलं आणि धाव आवळून बसली. मी नकळत टाळ्या वाजवल्या. गाडीवान हसले.

पण इमामभाऊ लगेच खाली बसले.

"ताप हाये," बानूबी म्हणाल्या. "तो दगड उभा झाला तवापासून उतरून नाई राह्यला."

"दगडाचं काई नाई," इमामभाऊ हसून म्हणाले. "मच्छराचा ताप हाये. अहेरीच्या डागदरानं गोळ्या देल्ल्या. बसा बाई, तिथी नका बसू, इथी बसा."

मी ऐरणीशेजारच्या लाकडी ओंडक्यावर बसायला निघाले होते. ओंडका बसून बसून गुळगुळीत झालेला, पण त्यावर राखेचा थर साचला होता. मी दुसरीकडे बसले.

"गाव कसं वसवलंत, सांगा ना," मी म्हटलं.

"मी कायले वसवतो?" त्यांनी घाम पुसला. "मी सिरोंच्याले चाललो होतो, कामधंदा पाहाले. जवान होतो. इथी माया बंडीचा आस मोडला. आजूबाजूले जंगल, पाण्याचा पत्ता नाई. तं चैतू आला. गोंड हाये तो. ही जमीन त्याच्या बापजाद्यांची. या ओंडक्यावरच बसून होता, मोहाखाली. मी म्हनलं, भाऊ, दोन दिस राहू का? तो काई बोलला नाई. नुसता सरकला." इमामभाऊंनी हातानं सरकण्याची खूण केली. "मंग त्यानं पाणी दाखोलं. जागेच्या देवाले इचारलं, कोंबडी देल्ली, आन् मले म्हणे, बस. मी बसलो तो बसलोच. मंग बंड्या थांबाले लागल्या. चहावाला आला, तं आमी सरकलो. कापडवाला आला, पुन्हा सरकलो. कोनी आलं का सरकत गेलो, बाई. असं झालं हे गाव."

"आणि चैतू?"

इमामभाऊ ओंडक्याकडे पाहू लागले. उत्तर बानूबींनी दिलं, भात्याची दोरी सोडून.

"गोंड लोकायच्यात उभा दगड मेलेल्या मानसासाठी करतेत, बाई. मानूस गेला का त्याच्या नावानं दगड उभा करतेत, तांदूळ वाहातेत, अंडे ठेवतेत. तुमच्या भावानं यायचा, जित्या मानसाचा, दगड उभा केला त्या दिशी चैतू आला. हे बाजूलेच उभे. यायच्याकडं पाह्यलं नाई त्यानं. दगडापाशी अंडे ठेवले, ढसाढसा रडला आन् लेकीच्या गावाले निंघून गेला. तवापासून आला नाई. रोज संध्याकाळी इथी बसत होता. जवानीपासून." मग त्यांचा आवाज चढला. "आन् आमच्यात तरी का होते? आमच्यातबी नावाचा दगड कबरीवरच रायते. दार उघडलं का सामने मालकाची कबर! मी बोलनार होते, तं हे म्हणे, गुरुजीनं हौसेनं केलं हाये, त्याचं मन नको मोडू."

मला वसंताचा राग आला आणि त्या म्हाताऱ्याच्या भलेपणानं भरून आलं, दोन्ही एकदम.

"परवा कार्यक्रम आहे," मी म्हटलं. "तुम्ही येणार ना?"

इमामभाऊंनी मान हलवली. "चैतू नाई तं मी त्या दगडापाशी उभा नाई राहात. गुरुजीले तुमी सांगा. माया तोंडून निघत नाई."

मोहाची वाट

वसंताला सांगितलं तेव्हा तो आधी चिडला. "अगं पण हा सन्मान आहे! आपल्याकडे लोक घाटावर, देवळाच्या पायरीवर नाव कोरून घ्यायला जीव टाकतात."

"आपल्याकडे," मी म्हटलं. "आपल्याकडे आईची शालसुद्धा मांजरासाठी नसते."

त्याचा पारा उतरला. मग हळूच म्हणाला, "आक्का, अहेरीहून साहेब यायचेत. पत्रिका गेल्यात."

"साहेबांना नंतर बघू. आधी चैतूकडे चल."

दुसऱ्या दिवशी उजाडताच एका गाडीवानाची बंडी घेऊन निघालो. सागाची पानं झडलेली, रान मोकळं दिसत होतं. मोहाच्या झाडांखालची जमीन जाळून स्वच्छ केलेली, आणि त्या काळ्या जमिनीवर पिवळसर फुलं टपटप पडत होती. बायका टोपल्या घेऊन वेचत होत्या. एकीनं बंडीजवळ येऊन माझ्या ओंजळीत मूठभर ताजी फुलं टाकली आणि परत वेचायला गेली. मी एक खाल्लं. आधी गोड, मग घशाला चरचर.

गाव यायच्या जरा आधी वाटेच्या कडेला उभे दगड दिसले. काही गुडघ्याएवढे, काही माझ्याहून उंच. कुणी घडवलेले नव्हेत, नाव नाही, अक्षर नाही. एकाच्या पायाशी तांदूळ, पानाचा द्रोण आणि अंड्याची टरफलं. वसंतानं बंडी थांबवायला सांगितली. खाली उतरून त्या दगडांसमोर तो बराच वेळ उभा राहिला. परत आला तेव्हा त्याच्या डोळ्यांतली ती चमक गेली होती. मला, खरं सांगते, त्याची फार माया आली.

चैतूदादा लेकीच्या अंगणात बांबूच्या कामट्या सोलत बसले होते. ठेंगणे, काळेभोर, सुरी विलक्षण सराईतपणे चालत होती. त्यांच्या लेकीनं आम्हाला खाट दिली आणि भोपळ्याच्या तुंब्यातून जावा, म्हणजे पातळ आंबूस पेज, पानाच्या द्रोणात ओतून दिली. तसल्या उन्हात तिच्याइतकं गोड मी काही प्यायलेली नाही.

वसंतानं घसा खाकरला. "चैतूदादा, इमामभाऊ..."

"चांगला मानूस होता," चैतूदादा कामटीवरून नजर न काढता म्हणाले.

"होता काय? आहे की! काल धाव बसवली त्यांनी!"

"तूच तं दगड उभा केला, गुरुजी."

वसंता खाटेची सुतळी चाचपडू लागला.

"चुकलं माझं," तो म्हणाला. "आम्हाला ही रीत माहीत नव्हती. मी तो दगड फोडून टाकतो."

चैतूदादांनी पहिल्यांदा मान वर केली. घाबरले होते. "फोडू नको बाप्पा! त्याच्या नावाचा झाला आता तो. फोडला तं त्यालेच लागन." थोडं थांबून ते माझ्याकडे वळले. "बाई, तुमच्या गावाले जित्या मानसाचा दगड करतेत?"

मी खरं ते सांगितलं. आमच्याकडे नदीला घाट असतो, घाटाला पायऱ्या असतात. ज्यानं पायरी बांधून दिली त्याचं नाव पायरीवर कोरतात. तो माणूस रोज नदीवर येतो, आपलंच नाव ओलांडून अंघोळीला जातो. लोक त्यावर बसतात, कपडे आपटतात, मुलं उड्या मारतात.

"नावावर पाय देतेत?"

"देतात. त्यालाही त्याचं काही वाटत नाही. उलट ज्याच्या पायरीवर गर्दी जास्त त्याची मान ताठ."

त्यांची सुरी थांबली. "तो दगड उभा रायते का आडवा?"

"पायरी ती. आडवीच की."

चैतूदादांनी हातातली कामटी आधी उभी धरली, मग जमिनीवर आडवी ठेवून पाहिली. आत त्यांची लेक काहीतरी निवडत होती, तिचेही हात थांबले होते. मग ते हळूच म्हणाले, "मंग तो जित्या मानसाचाच. आडवा दगड बसाले रायते. उभा दगड गेलेल्याले."

वसंता ताडकन उठला. मी त्याला धोतराला धरून खाली बसवलं. "या वेळी तरी आधी विचार," मी कुजबुजले.

वसंतानं विचारलं. अगदी शाळेतल्या पोरासारखं विचारलं. "दादा, तो आडवा केला तर चालेल?"

"करून पाह्य."

"तुम्ही याल?"

"पाहू," चैतूदादा म्हणाले, आणि पुन्हा कामटी सोलू लागले. त्यांचे डोळे मात्र भरले होते.

अनावरण

कार्यक्रमाच्या दिवशी सकाळीच सगळे गाडीवान दोर आणि पहारी घेऊन आले. दगड खोल रोवला होता. वसंताचं काम कच्चं नसतं, हीच तर पंचाईत. निघता निघेना. शेवटी बैल जुंपले. आडवा पडताना त्यानं मोहाची एक फांदी मोडली आणि आमच्या अंगावर फुलांचा सडा पडला. नावाची बाजू वर की खाली यावर थोडा वाद झाला. वसंता वर म्हणत होता. तेव्हा बानूबी रस्ता ओलांडून आल्या. "आपल्या मालकाच्या नावावर साऱ्या गावाले बसू देऊ का मी?" तिथेच निकाल लागला. नाव खाली गेलं, आणि त्या दिवशी पहिल्यांदा त्यांनी वसंताला चहा विचारला.

अहेरीचे साहेब जीपमधून उतरले तेव्हा सगळा बाजार जमला होता. चैतूदादा 'पाहू' म्हणाले एवढ्या शब्दावर इमामभाऊही आले होते. साहेब भले गृहस्थ होते. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, जमिनीवर कापडाखाली काहीतरी दिसलं, ते कापड दूर केलं. कोरा दगड.

"आणि नाव?" साहेबांनी विचारलं.

वसंताचं भाषण पाठ होतं, पण ते उभ्या शिळेचं होतं. इमामभाऊच म्हणाले, "नाव खाली हाये, साहेब. माती वाचून राह्यली."

साहेब हसले आणि त्यांनी इमामभाऊंना हार घातला. "बसा आता तुमच्या दगडावर."

इमामभाऊ बसले नाहीत. हार घालून, काठीवर भार देऊन तसेच उभे राहिले. "मायावाला एक जन अजून आला नाई," एवढंच म्हणाले.

ऊन चढत चाललं. साहेबांना खुर्ची दिली, सरबत दिलं. गाणं म्हणायला आलेल्या मुलींच्या वेण्यांची फुलं सुकली. वसंता सारखा जंगलाच्या वाटेकडे बघत होता. मी बानूबींच्या शेजारी उभी होते. त्यांनी माझा हात कधी धरला ते मला कळलं नाही, पण तो गच्च धरला होता. इमामभाऊंचा चेहरा तापानं आणि उन्हानं राखेसारखा झाला होता. बसा हो, बसा, असं लोक म्हणत होते, आणि ते मान हलवत होते. मला तेव्हा वाटलं, हा माणूस आज इथे उभ्यानं पडला तर चैतूदादाच खरे ठरतील आणि आपण दोघं भावंडं जन्मभर स्वतःला क्षमा करणार नाही.

मग गर्दी आपोआप दुभंगली. चैतूदादा येत होते. मागे लेक.

त्यांनी कुणाकडे पाहिलं नाही. दगडाला एक फेरी घातली. टाचेनं ठोकून पाहिला. वाकून कडेच्या फटीतून त्याच्या पोटाखाली हात घातला, अक्षरं बोटांनी चाचपली. मग दगडाच्या मधोमध बसले. इमामभाऊंच्या आधी, साहेबांच्या समोर, अगदी घरच्या ओंडक्यावर बसावं तसे. आणि बसल्यावर कडेला सरकले.

"बस," ते म्हणाले.

इमामभाऊ बसले. चैतूदादांनी त्यांचं मनगट हातात घेतलं आणि तसंच धरून ठेवलं.

"ताप हाये का?"

"उतरून राह्यला."

"लय दूर गेलतास, इमाम."

"तूच धाडलं ना बे," इमामभाऊ म्हणाले, आणि त्यांचा आवाज फुटला.

बाजार आधी हसला. मग बायका डोळ्यांना पदर लावू लागल्या. मी तर हुंदके देऊन रडले. साताऱ्याच्या शाळेत मला असं कुणी पाहिलं असतं तर पुन्हा वर्गात माझा धाक राहिला नसता. बानूबींनी माझा हात सोडला आणि भराभरा घरात गेल्या. त्या बाहेर आल्या तेव्हा तोंड धुतलेलं होतं.

कंदी पेढ्यांच्या डब्यात वाटेतच मुंग्या शिरल्या होत्या. निवडून निवडून थोडे निघाले. चैतूदादांनी एक मोडून अर्धा इमामभाऊंच्या तोंडात घातला, अर्धा स्वतः खाल्ला. "मोहाचा लाडू याच्याहून बरा," असा निवाडा दिला आणि दुसरा मागितला.

आमचा वसंता मात्र वसंताच. सगळं गोड होत आलेलं असताना त्यानं विचारलं, "दादा, मग हा पुन्हा उभा कधी करायचा?"

मी कपाळाला हात लावला. चैतूदादा शांतपणे म्हणाले, "तुलेच घाई हाये, गुरुजी. आमाले नाई. जो मांगं राहीन तो पाहीन."

"आन् तू आंधी गेलास तं?" इमामभाऊंनी विचारलं.

"तं माया दगड याच्या बाजूले करजो. नाव नको टाकू. मले वाचता येत नाई."

परत

मी निघाले ती बाजाराच्या दिवशी. बानूबींनी पायात घालायला नव्या चपला दिल्या आणि शिदोरीला भाकरी आणि जवसाची चटणी. वसंता बसपर्यंत आला. या वेळी त्यानं माझी वळकटी उचलण्याआधी विचारलं, "आक्का, उचलू का गं?" मी त्याच्या पाठीवरून हात फिरवला.

बस चौकातच उभी राहते. माझ्या खिडकीतून मोहाचं झाड दिसत होतं, आणि त्याखाली दगडावर दोघे म्हातारे. इमामभाऊंचा ताप गेला होता. चैतूदादा कामटी सोलत होते आणि इमामभाऊ येणाऱ्या बंड्यांच्या चाकांकडे बघत होते. गावाच्या संस्थापकाचं नाव त्यांच्या खाली मातीत होतं आणि दगडावरून मुंग्यांची रांग चालली होती.

मोहाच्या फुलांची टोपली डोक्यावर घेतलेली एक बाई घामाघूम होऊन सावलीत आली. उतरवायला जागा दिसेना. तिनं दगडाकडे पाहिलं.

"सरका ना जी," ती म्हणाली.

दोघे सरकले.